आपलं घर किती फुटाला?

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये कुणी नुसतं "किती झालं?" असं विचारलं, तर उत्तर देणाऱ्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. प्रश्न आयर्विन पुलाचा असतो. पुलाशी रंगवलेल्या फुटांच्या खुणांपैकी कृष्णेचं पाणी कितव्या खुणेला टेकलंय, एवढंच माणसाला हवं असतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. आणि त्याच्याबरोबर आणखी एक आकडा पाठ असतो, आपापल्या घराचा. माझी आई आमच्या घराचे आकडे पाढा म्हटल्यासारखे म्हणते: "४७ ला गल्लीच्या तोंडाशी, ४९ ला आपली खालची पायरी, साडेएक्कावन्नला उंबरा."

गावभागातल्या आमच्या घरात २००५ साली पाणी आलं, तेव्हा आयर्विनला ५३ च्या वर होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा ५४ च्या वर. या तिन्ही आकड्यांतून साडेएक्कावन्न वजा करा, म्हणजे आमच्या माजघरात पाणी कुठवर होतं ते कळतं. एकोणीस साली ते देवघराच्या कोनाड्याच्याही वर होतं. आईनं ही वजाबाकी कधी कागदावर मांडलेली नाही. तिला ती करावीच लागत नाही.

मी गेली अठरा वर्षं मध्य न्यू जर्सीत राहते. रॅरिटन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यापासून आमचं घर चालत सहा-सात मिनिटांवर आहे. २०१५ साली घर घेतलं तेव्हा एजंटनं नकाशा दाखवून सांगितलं होतं, रस्ता पूरक्षेत्राच्या बाहेर आहे. मी सांगलीची असूनही तेवढ्यावर विश्वास ठेवला. घर टेकाडावर दिसत होतं, अंगणात मोठा मेपल होता, आणि ओढा इतका शांत होता की त्यावर बदकं झोपलेली असायची.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचं उरलंसुरलं अंग आमच्यावर येऊन रितं झालं. न्यूअर्कला एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाऊस पडला. मॅनव्हिल, बाउंड ब्रुक ही आमच्या ओळखीची गावं रॅरिटनखाली गेली. न्यू जर्सीत तीसच्या आसपास माणसं दगावली. त्यातली कितीतरी गाडीत अडकून, काही तळघरात. आमच्या तळघरात जमिनीतल्या जाळीतून पाणी उफाळून घोट्यापर्यंत आलं. रस्त्याच्या खालच्या टोकाच्या दोन घरांत ते वरच्या मजल्याच्या दारापर्यंत पोचलं होतं. पहाटे पाण्याला उतार लागला, तेव्हा मी आईला फोन केला. तिच्या घरातला जुलैचा चिखल अजून पुरता निघाला नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उंबऱ्यापासून किती खाली थांबलं?"

मला सांगता येईना.

"अगं, म्हणजे तुमचं घर किती फुटाला आहे?"

तेही येईना. सहा वर्षं मी त्या घरात राहत होते. कर्ज फेडत होते, पडदे बदलले होते, अंगणात कढीपत्ता जगवायची धडपड केली होती. पण घर पाण्यापासून किती उंच आहे हे मला माहीत नव्हतं. तो प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही.

त्याचं उत्तर शोधायला भाग पाडलं ते बँकेच्या पत्रानं. २०२३ च्या मार्चमध्ये ते आलं. आमच्या भागाचा नवा पूरनकाशा लागू झाला होता, त्यात आमचं घर विशेष पूरधोका क्षेत्रात, एई झोनमध्ये, गेलं होतं. ४५ दिवसांत पूरविमा घ्या, नाहीतर आम्ही तुमच्या वतीनं घेऊन रक्कम तुमच्यावर लावू, असा मजकूर होता. बँकेचा यात दोष नाही. १९६८ साली अमेरिकी सरकारनं राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू केली आणि १९७३ च्या कायद्यानं, अशा क्षेत्रातल्या घरावर सरकारी छत्राखालचं कर्ज असेल तर विमा सक्तीचा केला. पत्र कायद्याप्रमाणेच होतं. फक्त एखाद्याचं घर कागदावर नदीत गेलं, हे सांगण्याची ती भाषा फार कोरडी वाटली.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, आधी एलिव्हेशन सर्टिफिकेट काढ. मी मराठीत त्याला उंचीचा दाखला म्हणायला लागले. आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला असतो, रहिवासाचा असतो, तसा हा घराच्या उंचीचा.

अमेरिकेत आपत्तीचं काम बघणाऱ्या फेमा या संस्थेचा तो ठरलेला फॉर्म आहे. घर कुठे, कोणत्या नकाशावर, कोणत्या झोनमध्ये, बांधणी कशी, तळघर आहे का, जमिनीखाली मोकळी पोकळी आहे का, तिला पाणी आत-बाहेर जायला झरोके किती चौरस इंचांचे, हे सगळं त्यात भरायचं. पुढूनमागून फोटो लावायचे. पण त्याचा जीव आहे तो क विभागात, उंच्यांच्या यादीत. सगळ्यात खालच्या मजल्याची जमीन. त्यावरच्या मजल्याची जमीन. गॅरेजची फरशी. भट्टी, पाण्याचा बंब, एसी अशा यंत्रांपैकी जे सगळ्यात खाली आहे त्याची उंची. घराला टेकलेल्या मातीची सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची जागा. प्रत्येक आकडा फुटाच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे सव्वा इंचापर्यंत. खाली परवानाधारक सर्व्हेअर, इंजिनिअर किंवा आर्किटेक्टची सही आणि शिक्का. घरमालकानं स्वतः पट्टी लावून भरलेला आकडा इथे चालत नाही.

या सगळ्या उंच्या एका आकड्याशी ताडून बघायच्या असतात. त्याला बेस फ्लड एलिव्हेशन म्हणतात. कुठल्याही एका वर्षात यायची शक्यता एक टक्का आहे, अशा पुराचं पाणी तुमच्या जागी समुद्रसपाटीपासून किती उंचीला येईल, तो हा आकडा. लोक त्याला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणतात, आणि मग एक पूर येऊन गेला की शंभर वर्षं निश्चिंत झाल्यासारखे वागतात. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी बघायची शक्यता २६ टक्के असते, चारात एकाहून थोडी जास्त. आमच्या घरापाशी हा आकडा होता ४३ फूट.

सर्व्हेअरला बोलवायच्या आधी गावाच्या कचेरीत चौकशी कर, जुना दाखला फाइलला असू शकतो, असंही मैत्रिणीनं सांगितलं होतं. हा सल्ला मी आता भेटेल त्याला देते. गावाच्या इमारतीत बांधकाम परवान्यांच्या खिडकीमागे पूरक्षेत्राचं काम बघणाऱ्या बाई बसतात. त्यांनी आमच्या रस्त्याची फाइल काढली. पिवळसर कागद, टाइपरायटरचा ठसा, कोपऱ्यात कुणाच्या तरी कॉफीच्या कपाचं गोल वर्तुळ. १९९६ साली, म्हणजे बाउंड ब्रुक बुडवणाऱ्या १९९९ च्या फ्लॉइड वादळाच्याही आधी, आमच्या घराच्या तेव्हाच्या मालकानं दाखला काढून ठेवला होता. घराला टेकलेली सगळ्यात खालची माती: ४३.७ फूट.

मला त्या खिडकीपाशी रडू आलं. सगळ्यात खालची मातीच जर ४३ च्या वर असेल, तर नकाशातून घर बाहेर काढायचा अर्ज करता येतो. त्याला लोमा म्हणतात, एकट्यादुकट्या घराला त्याची फी नसते, आणि फेमाचा निकाल साधारण साठ दिवसांत येतो. तो लागला की विम्याची सक्ती जाते. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला. खाली लिहिलं, सात दशांशांनी वाचलो.

त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, चष्मा वर केला आणि कागदावर एका ओळीवर बोट ठेवलं. "हे १९२९ चं शून्य आहे," त्या म्हणाल्या. "नकाशा १९८८ च्या शून्यावर आहे."

हे मला समजायला पुढचा अर्धा तास लागला, आणि या सगळ्या प्रकरणात माझं मन सर्वांत जास्त रमलं ते इथेच.

उंची म्हटलं की ती कुठून तरी मोजावी लागते. समुद्रसपाटीपासून म्हणावं, तर समुद्र सगळीकडे एका पातळीत नसतो. १९२९ साली अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यांवरच्या २६ ठिकाणी भरती-ओहोटीची सरासरी घेऊन उंच्यांचं एक जाळं जुळवलं गेलं. कितीतरी वर्षं सगळे नकाशे त्यावर चालले. पुढे मोजणी सुधारली, तेव्हा १९८८ चं नवं जाळं आलं आणि त्याचं शून्य एकाच ठिकाणी बांधलं गेलं: कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाकडे, रिमुस्की नावाच्या गावी. म्हणजे माझ्या तळघराची खोली मोजायची, ती मी कधी न पाहिलेल्या कॅनडातल्या एका किनाऱ्यावरून. दोन शून्यांमधला फरक जागेप्रमाणे बदलतो. आमच्या भागात तो जवळजवळ एक फूट. जुन्या दाखल्यावरचे ४३.७ नव्या हिशेबात ४२.७ होतात.

माती तीच, घर तेच. मघाशी सात दशांशांनी वर होतो, आता तीन दशांशांनी खाली. चार बोटं.

घरी येऊन मी आपल्याकडचं शून्य शोधत बसले. भारताच्या उंच्यांचं जुनं जाळं १९०९ सालापर्यंत जुळवलं गेलं ते नऊ बंदरांवरच्या समुद्राच्या सरासरीवर. त्यात मुंबईचं अपोलो बंदर आहे, कारवार आहे, आणि तेव्हा आपल्यातच असलेली कराचीही आहे. जुन्या देवळांच्या जोत्यांवर, पुलांच्या कठड्यांवर, कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर सर्व्हे ऑफ इंडियानं कोरलेल्या खुणा ते शून्य गावोगाव पोचवतात. आयर्विनचा फूट मात्र वेगळा. आईचे साडेएक्कावन्न फूट समुद्रापासून नाहीत, पुलापाशी लावलेल्या पट्टीच्या तळापासून आहेत. १९२९ साली तो पूल वाहतुकीला खुला झाला. अमेरिकेच्या जुन्या जाळ्याचं सालही तेच. योगायोगच, पण त्या रात्री मला तो फार आपुलकीचा वाटला.

जुन्या दाखल्यानं काम होणार नव्हतं. सर्व्हेअर बोलावला. आठशे डॉलर. आमच्यासाठी ही रक्कम लहान नव्हती, आणि आमच्या रस्त्याच्या खालच्या टोकाला राहणाऱ्यांसाठी तर ती दोन महिन्यांच्या किराण्याएवढी आहे. ज्यांची घरं सगळ्यात खाली, त्यांनाच हा आकडा परवडत नाही. ही गोष्ट मला तेव्हाही खुपली, आजही खुपते.

एप्रिलमधल्या एका गार सकाळी ते आले. साठीचे गृहस्थ आणि मदतीला एक तरुण मुलगी. आधी त्यांनी रस्त्याच्या कडेला उपग्रहांवरून जागा पकडणारं यंत्र उभं केलं, मग अंगणात पिवळ्या तिवईवर लेव्हल मांडली. त्या मुलीनं उंच पट्टी, आपल्याकडचे ओव्हरसिअर जिला स्टाफ म्हणतात ती, एकेका जागी धरायची. ते दुर्बिणीतून बघून आकडा सांगायचे. ती वहीत लिहायची. पुढची पायरी. उंबरा. गॅरेजची फरशी. मग घराला प्रदक्षिणा घातल्यासारखी मातीची मोजणी, दर काही पावलांवर एक. कुणी घाईत नव्हतं. पट्टीवरच्या गोल बुडबुड्याकडे बघत ती मुलगी श्वास रोखून उभी राहायची. तिला ते काम मनापासून आवडतंय हे दिसत होतं.

मागच्या बाजूला, तळघरात उतरायच्या बाहेरच्या जिन्यापाशी आल्यावर ते थांबले. पुन्हा बघितलं. त्या कोपऱ्यात माती खचलेली होती. छपराच्या पन्हळीचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच पडत होतं आणि आम्ही कधी लक्ष दिलं नव्हतं. ४२.४.

१९९६ नंतर त्या कोपऱ्यानं तीन दशांश माती गमावली होती. आता आम्ही ४३ च्या खाली सहा दशांश होतो. सात इंच, वीतभराला थोडं कमी. लोमाचा विषय तिथेच संपला. तिथे भर घालून माती वर आणली तर, असं मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले की भर घातलेल्या जमिनीचा अर्ज वेगळा, त्याचे नियम वेगळे, गावाची परवानगी वेगळी. आणि पुढे म्हणाले, "पाणी तरीही त्याच उंचीला येणार."

मग आम्ही तळघरात उतरलो. जमीन ३८.३. भट्टी आणि बंब ज्या सिमेंटच्या ओट्यावर उभे आहेत तो ३८.५. वरच्या मजल्याची जमीन ४६.१, म्हणजे पुराच्या आकड्याच्या तीन फूट वर. हा आकडा ऐकून मला बरं वाटलं. आई असती तर तिनं तोच आधी विचारला असता. मी त्यांना म्हटलं, इथे ४३ कुठे येतं ते दाखवाल का? फॉर्ममध्ये याची काही गरज नव्हती. पण त्यांनी त्या मुलीकडे बघून मान हलवली. तिनं जमिनीपासून मोजलं आणि भिंतीला निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

पट्टी माझ्या हनुवटीच्या वर होती.

त्या पट्टीच्या खाली काय काय होतं ते मी उभ्या उभ्या मोजलं. भट्टी, बंब, विजेचा बोर्ड, कपडे धुण्याचं यंत्र, पोरांच्या वह्या, गणपतीच्या मखराचं सामान, दोन लोखंडी ट्रंका. एका ट्रंकेत आजीची दोन इरकली लुगडी आणि बाबांची पत्रं. पूरविम्यात घराला अडीच लाख डॉलरपर्यंत आणि सामानाला एक लाखापर्यंत भरपाई मिळते, पण तळघराला त्यातला फार थोडा वाटा असतो. भट्टी, बंब, विजेचा बोर्ड यांचे पैसे मिळतात; तिथे ठेवलेल्या लुगड्यांचे आणि पत्रांचे मिळत नाहीत. त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही ट्रंका वर आणल्या. मुलगा म्हणाला, पाऊस तर नाहीये. मी म्हटलं, म्हणूनच.

दाखला दहा दिवसांनी आला. त्याची एक प्रत मी स्वतः गावाच्या कचेरीत त्या बाईंकडे नेऊन दिली. त्यांनी ती १९९६ च्या कागदाच्या वर ठेवली आणि फाइल बंद केली. पुढे कधी आम्ही हे घर विकू, तेव्हा घेणाऱ्याला त्या फाइलमध्ये दोन्ही आकडे सापडतील. २०२४ च्या मार्चपासून तर न्यू जर्सीत घर विकणाऱ्यानं पुराचा धोका आणि पूर्वी पाणी आल्याचं माहीत असेल ते लेखी सांगायचं, असा कायदाच आला. फार आधी यायला हवा होता. २०१५ साली कुणी मला असा कागद दिला असता, तर मी तो वाचला असता.

विम्याचं म्हणाल, तर २०२१ च्या ऑक्टोबरपासून योजनेनं हप्ता ठरवायची पद्धत बदलली आहे. आता नव्या विम्याला दाखला सक्तीचा नाही. नदीपासूनचं अंतर, घर नव्यानं बांधायचा खर्च, पहिल्या मजल्याची, म्हणजे तळघराच्या लगेच वरच्या मजल्याची, उंची, असं बरंच काही ते आपल्या माहितीवरून धरतात. दाखला दिला आणि त्यानं हप्ता कमी होत असेल तरच तो वापरतात. त्यानं हप्ता वाढत नाही. आमचा थोडा उतरला, कारण त्यांनी पहिला मजला होता त्याच्यापेक्षा खाली धरला होता. दाखल्याचे आठशे डॉलर वसूल व्हायला काही वर्षं लागतील. ओळखीतले काही जण म्हणतात, आता दाखल्याला अर्थ उरला नाही. मला हे पटत नाही. त्या कागदामुळे मी विजेचा बोर्ड वरच्या मजल्यावर नेला. बंब गॅरेजमध्ये चौथऱ्यावर चढवला. पन्हळीचा नळ घरापासून दहा फूट लांब सोडला. आणि आईच्या प्रश्नाला उत्तर देता आलं.

त्याच रविवारी मी तिला फोन केला. "आई, उंबरा ४६.१. पूर ४३."

"म्हणजे तीन फूट वर," ती लगेच म्हणाली. "चांगलंय. आणि खालची खोली?"

"बुडते."

"मग तिथं काही ठेवू नकोस."

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ त्या साडेएक्कावन्नाचा विचार करत होते. आपल्याकडे पूररेषा आहेत. पाटबंधारे खातं नदीकाठच्या गावांच्या नकाशावर निळी आणि लाल रेषा आखतं. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, १०० वर्षांतला जिथवर पोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लालच्या मध्ये अटींवर परवानगी. रेषा हवीच. पण रेषा फक्त आत की बाहेर एवढंच सांगते. रेषेच्या आत कित्येक वर्षांपासून हजारो घरं उभी आहेत, त्यांतल्या माणसाला रेषेचा रंग सांगून काय उपयोग? त्याला हवं असतं ते हे, की जोतं किती उंच आहे, मीटर किती उंच आहे, आयर्विनला कितीचा आकडा ऐकला की म्हातारीला खांद्यावर घेऊन निघायचं.

आपल्याकडे घराच्या उंचीचा कागद तयार होतो तो पूर ओसरल्यावर. तलाठी येतो, भिंतीवरची चिखलाची रेघ बघतो आणि पंचनाम्यात लिहितो, इतके फूट पाणी होतं. तो पंचनामा मदतीसाठी असतो, आणि मदत गरजेचीच असते. पण तीच रेघ उलटी वाचली तर तो घराचा दाखला आहे. २०१९ आणि २०२१ मिळून सांगली-कोल्हापूर पट्ट्यात, तिकडे चिपळूणला, केवढे पंचनामे झाले! त्या प्रत्येक कागदात एका घराची उंची दडलेली आहे. त्या दिवशी पाणी पट्टीवर किती फुटांना होतं हे सगळ्यांना माहीत आहे. एका वजाबाकीत त्या घराचा आकडा निघतो. तो दाराच्या चौकटीवर रंगवता येईल, घरपट्टीच्या पावतीवर छापता येईल, भाडेकराराच्या पहिल्या पानावर लिहिता येईल. हे व्हावं असं मला फार मनापासून वाटतं. सर्व्हेअरची सही नंतर येऊ दे. आकडा आधी येऊ दे.

कारण आज तो आईसारख्या माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसं आता सत्तरी ओलांडलेली आहेत. २०१९ नंतर आमच्या गल्लीतली पाच-सहा कुटुंबं विश्रामबागकडे राहायला गेली. त्यांच्या घरांत भाडेकरू आले. स्वस्त भाड्याचं घर बघून आलेल्या माणसाला तिथला आकडा कोण सांगणार? घरमालक सांगत नाही, एजंट तर नाहीच नाही.

मे महिन्यात मी सांगलीला गेले, तेव्हा एक शंभर पानी वही घेतली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आई आणि मी गल्लीच्या तोंडापासून निघालो. दर दाराशी ती थांबायची. "हे कासारांचं. यांना आपल्या आधी येतं, पन्नासला." मी लिहायची. काही दारांशी आतून कुणीतरी बाहेर यायचं आणि वाद व्हायचा. पन्नास नाही हो काकू, सव्वापन्नास. पाच साली आमचा जनरेटर सुटला तो त्यामुळेच. मग ते सव्वापन्नास लिहायचं. एका घरी आजोबांनी आतल्या भिंतीवर तिन्ही पुरांच्या रेघा तेलरंगानं ओढून ठेवल्या होत्या, प्रत्येकीसमोर तारीख आणि आयर्विनचे फूट. मी घरून नेलेली शिंप्याची टेप लावून उंबऱ्यापासून मोजलं. तिन्ही रेघांमधून उंबरा काढला, तर दोन इंचांच्या आत एकच आकडा आला. आजोबांनी तो ऐकून नुसती मान डोलावली, जणू हे त्यांना ठाऊकच होतं. एकूण ३४ घरं झाली. चार घरांचा आकडा कुणालाच सांगता येईना, कारण त्या घरांत आता राहणारी माणसं २०२१ नंतर आली होती.

त्या चार घरांसाठी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघालो. पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी, आपले गवंडी पातळी काढायला वापरतात ती, भाच्यानं एका टोकाला धरली, मी दुसऱ्या. आमच्या साडेएक्कावन्नच्या उंबऱ्यापासून निघून शेजारच्या उंबऱ्याला, तिथून पुढच्या. नळीतलं पाणी स्थिर व्हायला वेळ लागतो. आम्ही दोघं दोन दारांत नळी धरून उभे, मध्ये गल्लीतून स्कूटर जाते, कुत्रं येऊन हुंगतं, आणि पाणी हळूहळू एका रेषेत येतं. फेमाचा सर्व्हेअर हे बघून काय म्हणाला असता ठाऊक नाही. मला त्या मुलीची आठवण झाली, श्वास रोखून बुडबुड्याकडे बघणारी.

कोपऱ्यावरच्या घरात विजापूरकडून आलेलं एक जोडपं राहतं. नवरा मार्केट यार्डात हमाली करतो, पदरात दोन लहान मुली. जमिनीवर तांदळाची पोती, खाली ठेवलेला मिक्सर, टीव्ही पाटावर. आम्ही मोजलं तेव्हा ती दोघं कामावर होती. मोठी मुलगी दारात बसून बघत होती.

वही आईकडेच ठेवून मी परत आले. जूनमध्ये कोयनेच्या बाजूला पाऊस सुरू झाल्याची बातमी आली, म्हणून फोन केला. आई म्हणाली, अजून आयर्विनला काही नाही, पंधरा-सोळाच आहे. मग म्हणाली, "कोपऱ्यावरच्यांकडे गेले होते काल. त्यांचं अठ्ठेचाळीस निघालं. त्या बाईला कानडीत सांगितलं, मला येतं तेवढ्या कानडीत. दोनदा म्हणून घेतलं तिच्याकडून. पोती वर घेतलीत त्यांनी."